मुंबई ते लंडन : अंतर एक, काळ अनेक

पूर्वींच्या वाटसरूला एखादें गांव किती लांब आहे असें विचारलें, तर तो क्वचितच कोसांत उत्तर देत असे. ‘पहांटे निघालां तर दिवस मावळतांना पोहोंचाल’, ‘तीन मुक्कामांची वाट आहे’, ‘मजल दरमजल गेलां तर आठवा दिवस उजाडेल’, अशींच उत्तरें बहुधा मिळत. शाळेंत भूगोल शिकलेल्या पिढीला हीं उत्तरें ढोबळ वाटलीं आणि तिनें मैलांचा व पुढें किलोमीटरांचा हिशेब पत्करला. परंतु बारकाईनें पाहिलें तर त्या जुन्या उत्तरांत शहाणपण होतें. वाटेंतील घाट, नदीचा उतार, पावसाळा, बैलांची दमछाक, चोराचिलटाचें भय, हें सर्व त्या एका उत्तरांत जमेस धरलेलें असे. गांव किती लांब आहे हें भूमि ठरविते; तेथें केव्हां पोहोंचतां येईल हें मात्र अनेक गोष्टी मिळून ठरवितात.

विमानाच्या युगांत हा भेद नाहींसा झाला असावा, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. आकाशांत घाट नाहींत, उतार नाहींत आणि नदीला पूर आला तरी विमानाचें चाक चिखलांत रुतत नाहीं. मग दोन विमानतळांतील अंतर घ्यावें, त्याला विमानाच्या वेगानें भागावें आणि येईल तो भागाकार म्हणजे प्रवासाचा काळ, असें त्रैराशिक कोणीहि मांडील. मुंबई आणि लंडन या दोन विमानतळांचें उदाहरण घेऊन हें त्रैराशिक कितपत खरें ठरतें, हें पाहणें उद्बोधक आहे. महाराष्ट्रांतील असंख्य सुशिक्षित कुटुंबांचा या वाटेशीं संबंध आहे. कोणाचा मुलगा तिकडे शिकावयास गेलेला असतो, कोणाची मुलगी तिकडे नांदत असते. आणि घरांतील वडील माणूस एकाएकीं आजारी पडलें कीं, ‘ती केव्हां पोहोंचेल?’ हा प्रश्न केवळ भूगोलाचा राहत नाहीं.

प्रथम अंतराचा विचार करूं. ज्या श्रोत्यांच्या घरीं मुलांच्या अभ्यासाचा पृथ्वीगोल असेल, त्यांनीं एक दोरा घेऊन त्याचें एक टोंक मुंबईवर व दुसरें लंडनवर धरावें आणि दोरा ताणावा. ताणलेला दोरा ज्या रेषेनें बसेल, तीच त्या दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट होय. गणितांत तिला बृहद्वृत्ताचा खंड म्हणतात. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून पाहिलें असतां मुंबई व लंडन यांच्यामध्यें सुमारें ६५ अंशांचा कोन होतो. अंशाचीं कला साठ; आणि एका कलेइतकें भूपृष्ठावरील अंतर म्हणजे एक सागरी मैल, अशीच त्या मैलाची मूळ कल्पना आहे. म्हणजे ६५ ला ६० नें गुणिलें कीं ३,९०० सागरी मैल होतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरांचा, तेव्हां गुणाकार ७,२०० किलोमीटरांच्या किंचित् वर जातो. कोन ६५ अंशांहून लेशमात्र कमी असल्यामुळें नेमका आंकडा सुमारें ७,२१० किलोमीटर भरतो. हें अंतर दोन हजार वर्षांपूर्वीं एवढेंच होतें आणि पुढेंहि एवढेंच राहील.

तोच दोरा भिंतीवरील सपाट नकाशावर ताणला तर मात्र फसगत होते. नेहमींच्या नकाशावर मुंबईहून लंडनकडे पट्टीनें रेघ ओढली असतां ती इराक व सीरिया या प्रदेशांवरून जाते. गोलावरील दोरा त्याहून पुष्कळ उत्तरेकडे वळलेला दिसतो. गोलाचें साल काढून तें सपाट पसरतांना उत्तरेकडील प्रदेश ताणले जातात आणि त्यामुळें खरोखर सरळ असलेली वाट वांकडी व वांकडी वाट सरळ दिसूं लागते. पट्टीनें ओढलेली ती रेघ खऱ्या अंतरापेक्षां सुमारें दोनशें किलोमीटरांनीं लांब आहे.

गोलावरील दोऱ्याखालीं कोणते प्रदेश येतात तेंहि पाहून ठेवावें, कारण पुढील सारी हकीकत त्यांवरच अवलंबून आहे. मुंबई सोडल्यावर दोरा समुद्रावरून वायव्येस जातो आणि जवळजवळ कराचीच्याच माथ्यावरून जमिनीवर येतो. तेथून बलुचिस्तान, इराणचा पूर्व व उत्तर भाग, आर्मेनिया-जॉर्जियाचा डोंगराळ मुलूख, काळा समुद्र, क्रीमिया, युक्रेन, चेक लोकांचा देश, जर्मनी आणि शेवटीं उत्तर समुद्र ओलांडून लंडन. निसर्गानें आंखलेली वाट ती ही. परंतु या वाटेनें अगदीं तंतोतंत असा प्रवास मनुष्याला क्वचितच साधला आहे.

विमानापूर्वींच्या काळाकडे क्षणभर वळूं. १८३० सालीं मुंबईच्या गोदींत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च रोजीं मुंबईहून सुएझकडे निघाली. तिला तेथें पोहोंचावयास सुमारें ३३ दिवस लागले. त्यांपैकीं प्रत्यक्ष चालण्यांत गेले ते एकवीसच दिवस; उरलेले वाटेंतील बंदरांत थांबून कोळसा भरण्यांत गेले. वेग आणि मुक्काम यांचा हा संबंध पुढें विमानालाहि चुकला नाहीं. १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याचे महिने वांचले. तरीहि विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या माणसाचे पंधरा-वीस दिवस पाण्यावर जात. त्या काळीं घरून निघालेलें आजारपणाचें पत्र मुलाच्या हातीं पडेपर्यंत आजाराचा निकाल एका बाजूला लागून गेलेला असे.

३० मार्च १९२९ रोजीं इंपीरियल एअरवेज या कंपनीनें लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत हवाई टपाल सुरू केलें. पांच हजार मैलांचें हें अंतर सात दिवसांत तोडावयाचें, अशी योजना होती. आजच्या प्रवाशाला या वाटेचें वर्णन मौजेचें वाटेल. लंडनहून बाझलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, जिनोआहून भूमध्य समुद्रावर पाण्यावर उतरणारें विमान आणि इजिप्तपासून पुन्हा जमिनीवरील विमान. बगदाद, बसरा आणि इराणचा किनारा करीत टपाल कराचीस येई. रात्रीं उड्डाण नसे. संध्याकाळ झाली कीं प्रवासी मुक्कामास उतरत. म्हणजे ‘मजल’ आणि ‘मुक्काम’ हे दोन्ही शब्द आकाशांतहि जसेच्या तसे लागू होते.

याच वाटेनें एक धडा प्रारंभींच शिकविला. इराणच्या किनाऱ्यावरून उडण्यास तेथील सरकारची परवानगी लागे. ती मिळविण्यांत आधींच कालहरण झालें होतें. आणि मिळाली तीहि ठराविक मुदतीचीच. मुदत संपतां ती पुढें चालूं राहिली नाहीं, तेव्हां १९३२ च्या ऑक्टोबरांत सारी वाट इराणी आखाताच्या पलीकडील, म्हणजे अरबी किनाऱ्यावर न्यावी लागली. शारजा येथें त्यासाठीं विमानतळ व प्रवाशांच्या मुक्कामासाठीं गढीवजा वास्तु उभी राहिली. वाळवंटांतील एक लहानसें गांव जगाच्या नकाशावर आलें, तें वाऱ्यामुळें नव्हे कीं भूमितीमुळें नव्हे, तर एका सरकारच्या नकारामुळें.

त्याच ऑक्टोबर महिन्यांत, १५ तारखेस, जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका लहानशा ‘पस मॉथ’ विमानांतून विलायतेचें टपाल घेऊन उड्डाण केलें. सकाळीं साडेसहाच्या सुमारास ते निघाले, वाटेंत अहमदाबादेस इंधन घेतलें आणि दुपारीं दोन वाजण्यापूर्वीं मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून पुढें मद्रासपर्यंत टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं नेलें. कराची ते मुंबई हें सरळ अंतर ८७५ किलोमीटरांच्या आसपास. अहमदाबादेवरून गेल्यास तें हजाराच्या वर जातें. लहान विमानाच्या टांकींत सरळ वाटेपुरतें इंधन निर्धास्तपणें मावत नव्हतें, म्हणून वाट वांकडी झाली. शिवाय पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई. तेव्हां विमानाचा मुक्काम पुण्यास हालवावा लागे. मुंबईचा विमानतळ चार महिने पुण्यास जातो, ही गोष्ट आज कोणाला खरीहि वाटणार नाहीं.

स्वातंत्र्यानंतर पहिल्याच वर्षांत, ८ जून १९४८ च्या रात्रीं, एअर इंडिया इंटरनॅशनलचें ‘मालाबार प्रिन्सेस’ हें विमान मुंबईहून लंडनकडे निघालें. लॉकहीड कंपनीनें बांधलेल्या कॉन्स्टलेशन जातीच्या या विमानांत ३५ प्रवासी होते आणि कॅप्टन के. आर. गझदर हे त्याचे मुख्य वैमानिक होते. कैरो आणि जिनीव्हा हे दोन थांबे घेऊन तें १० जून रोजीं लंडनला उतरलें. या दोन थांब्यांवरून रेषा ओढून मोजलें तर मुंबई ते कैरो सुमारें ४,३४० किलोमीटर, कैरो ते जिनीव्हा २,८२५ आणि जिनीव्हा ते लंडन ७५५, म्हणजे एकूण ७,९२० किलोमीटर होतात. सरळ वाटेपेक्षां हें अंतर सातशें किलोमीटरांनीं अधिक. परंतु आगबोटीचे आठवडे जेथें तासांवर आले, तेथें सातशें किलोमीटरांचा शोक कोण करणार?

या प्रगतीची किंमतहि द्यावी लागली, हें विसरतां कामा नये. तेंच ‘मालाबार प्रिन्सेस’ विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं याच वाटेनें जात असतां, जिनीव्हाकडे उतरण्याच्या बेतांत, आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखरावर आदळलें आणि त्यांतील ४८ ही माणसें मृत्यु पावलीं. नकाशावर जिनीव्हाचा थांबा म्हणजे एक ठिपका. पण त्या ठिपक्याभोंवतीं हिमाच्छादित पर्वत उभे असतात आणि त्यांवर ढग असतात. त्यानंतरच्या काळांत विमानें पर्वतांच्या पुष्कळ वर उडूं लागलीं, वैमानिकाला जमिनीवरून दिशा दाखविणारीं साधनें सुधारलीं, आणि इंधन पुरेसें घेऊन मधले थांबे टाळतां येऊं लागले. मधला थांबा टळल्यानें जसा वेळ वांचला, तसें चढण्याउतरण्याचें एकेक संकटहि टळलें.

१९६० सालीं एअर इंडियाच्या ताफ्यांत बोइंग ७०७ हें जेट विमान आलें. कॉन्स्टलेशनचा वेग ताशीं सुमारें ५०० किलोमीटर होता. नवें विमान ताशीं नऊशें किलोमीटरांच्या घरांत जाई. त्यानंतर विमानें अधिक मोठीं झालीं, अधिक काटकसरीनें इंधन वापरूं लागलीं आणि मुंबईहून थेट लंडनला न थांबतां जाऊं लागलीं. मात्र एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. १९६० नंतर प्रवासी विमानाचा वेग फारसा वाढलेला नाहीं. एखादें नवें विमान आजोबांच्या काळच्या जेटपेक्षां जलद पोहोंचतें तें अधिक धांवतें म्हणून नव्हे, तर कमी थांबतें म्हणून.

आतां प्रारंभींच्या त्रैराशिकाकडे वळूं. अंतर ७,२०० किलोमीटर व वेग ताशीं ९०० धरला, तर भागाकार बरोबर आठ तास येतो. परंतु मुंबईहून लंडनला जाणारा प्रवासी आठ तासांत पोहोंचत नाहीं. त्याला नऊ ते दहा तास लागतात, आणि परतीचा प्रवास बहुधा त्याहून थोडक्या वेळांत उरकतो. जातांना एक वेळ आणि येतांना दुसरी, असें कां व्हावें? याचें उत्तर वाऱ्यांत आहे.

जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वायूचे प्रचंड झोत आहेत. जपानी वेधशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनीं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत आकाशांत फुगे सोडून त्यांचा माग काढला आणि या वाऱ्यांचें मोजमाप केलें. जगाला समजावें म्हणून त्यांनीं आपला वृत्तांत १९२६ सालीं एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेंत छापला. परंतु ती भाषा वाचणारे इतके थोडे निघाले कीं शोध कित्येक वर्षें दुर्लक्षितच राहिला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत उंचावरून उडणाऱ्या वैमानिकांना या झोतांचा प्रत्यक्ष तडाखा बसला, तेव्हां जग जागें झालें. हिवाळ्यांत असाच एक झोत उत्तर हिंदुस्थान व इराण यांच्या माथ्यावरून वाहतो. मुंबईहून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाला तो छातीवर घ्यावा लागतो. परत येणाऱ्याला तोच पाठीवर लागतो.

एवढ्यावरून कोणी म्हणेल, कीं जातांना गेलें तें येतांना मिळालें, हिशेब बरोबर झाला. येथें गणित थोडें चकविते. समजा, वारा ताशीं १०० किलोमीटरांचा आहे. जातांना विमानाचा जमिनीवरील वेग ९०० तून १०० वजा होऊन ८०० राहतो आणि ७,२०० किलोमीटरांस नऊ तास लागतात. येतांना तोच वेग १,००० होतो आणि सात तास बारा मिनिटें पुरतात. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांना मिळून सोळा तास लागले असते. वाऱ्यामुळें सोळा तास बारा मिनिटें लागले. जातांना एक तास गमावला, पण येतांना अठ्ठेचाळीस मिनिटेंच परत मिळालीं. कारण प्रतिकूल वाऱ्यांत विमान अधिक काळ राहतें आणि अनुकूल वाऱ्यांत थोडा काळ. वारा जेवढें घेतो तेवढें परत देत नाहीं, हें गणितानेंच सिद्ध आहे.

यानंतर घड्याळांचा घोटाळा येतो. भारताचें प्रमाण घड्याळ ग्रिनिचच्या पुढें साडेपांच तास आहे. उन्हाळ्यांत इंग्लंडची घड्याळें एक तास पुढें सारतात, तेव्हां हें अंतर साडेचार तास होतें. समजा, उन्हाळ्यांत एक विमान मुंबईहून दुपारीं दोन वाजतां निघून साडेनऊ तासांनीं लंडनला उतरलें. तिकिटावर उतरण्याची वेळ संध्याकाळचे सात अशी छापलेली असेल आणि अजाण माणसाला पांच तासांतच लंडन आलें असें वाटेल. तेंच विमान परत येतांना रात्रीं साडेनऊला निघून नऊ तासांत मुंबईस आलें, तर घड्याळांत दुसऱ्या दिवशींचे अकरा वाजलेले असतील आणि प्रवासाला साडेतेरा तास लागल्याचा भास होईल. मुंबईकरांना दोन घड्याळांची ही ओढाताण नवी नाहीं. १९०६ सालीं हिंदुस्थानचें प्रमाण घड्याळ ठरल्यानंतरहि या शहरानें आपलें स्वतःचें, सुमारें ३९ मिनिटें मागें असलेलें घड्याळ १९५५ पर्यंत सोडलें नाहीं. एकाच शहरांत दोन वेळा नांदत होत्या. आगगाडी एका वेळेनें सुटे आणि घरचें घड्याळ दुसरी वेळ दाखवी.

वेळापत्रकांतील तासांविषयीं आणखी एक खुलासा आवश्यक आहे. ते तास केवळ हवेंतले नसतात. विमान आपल्या जागेवरून हलतें तेव्हांपासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागीं उभें राहीपर्यंतचा सर्व काळ त्यांत धरतात. धावपट्टीकडे जाणें, पुढें उभ्या असलेल्या विमानांमागें रांगेंत थांबणें, आणि लंडनवर पोहोंचल्यावर उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशांत घिरट्या घालणें, हें सर्व त्यांत येतें. हीथ्रोवर गर्दीच्या वेळीं विमानांना आसमंतांतील ठराविक चार ठिकाणीं एकावर एक थर करून फिरवीत ठेवतात आणि खालच्या थरांतील विमान उतरलें कीं वरचें एक पायरी खालीं येतें. एस. टी. च्या स्थानकांत गाडी फलाटास लागण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला हा प्रकार मुळींच अपरिचित वाटणार नाहीं.

येथपर्यंत जीं कारणें सांगितलीं तीं निसर्गाचीं किंवा व्यवस्थेचीं. त्यांचा अंदाज बांधतां येतो आणि वेळापत्रक करणारे तो बांधतातहि. परंतु जें कारण सर्वांत बेभरंवशाचें, तें मनुष्याच्या वैराचें आहे. १९४४ सालीं शिकागो येथें झालेल्या करारानें प्रत्येक राष्ट्राचें आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य स्वामित्व मान्य झालेलें आहे. म्हणजे गोलावरील तो सरळ दोरा वस्तुतः अनेक मालकांच्या अंगणांतून जातो, आणि कोणींहि आपलें फाटक लावलें कीं वाट मोडते.

हीं फाटकें कशीं लागलीं तें पाहावें. १७ जुलै १९१४ ला युरोपचें पहिलें महायुद्ध पेटण्याच्या बेतांत होतें. बरोबर शंभर वर्षांनीं, १७ जुलै २०१४ रोजीं, पूर्व युक्रेनवरून जाणारें मलेशियाचें एक प्रवासी विमान क्षेपणास्त्रानें पाडलें गेलें आणि त्यांतील २९८ निरपराध माणसें प्राणांस मुकलीं. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं युक्रेनवर आक्रमण झालें आणि त्या देशाचें आकाश नागरी विमानांना बंद झालें. इकडे पाकिस्ताननें २०१९ च्या फेब्रुवारीअखेर आपलें आकाश बंद केलें, तें जुलैच्या मध्यास खुलें झालें. पुन्हा २४ एप्रिल २०२५ रोजीं त्यानें भारतीय विमानांना मज्जाव केला आणि भारतानेंहि त्यानंतर त्याच्या विमानांना आपलें दार लावून घेतलें. त्याच वर्षीं जूनमध्यें इराण व इस्राएल यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां इराणचें आकाशहि कांहीं काळ मिटलें. मुंबई-लंडन दोऱ्याचा आरंभ कराचीवरून, मध्य इराणवरून आणि पुढचा भाग युक्रेनवरून जातो, हें वर सांगितलेंच आहे. एकाच वर्षांत तिन्ही ठिकाणीं अडसर पडल्याचें उदाहरण या पिढीनें पाहिलें.

अशा वेळीं विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे वळतें आणि इराक-तुर्कस्तानच्या बाजूनें युरोप गांठतें. मस्कत, बगदाद व इस्तंबूल यांवरून मोडती रेषा ओढून मोजलें, तर मुंबई-लंडन अंतर सुमारें ७,४६० किलोमीटर भरतें. सरळ वाटेहून अडीचशें किलोमीटर अधिक, म्हणजे पावणेआठ हजारांच्याहि आंतच. नकाशावर केवढा तरी दिसणारा हा वळसा सुमारें सतरा-अठरा मिनिटांत फिटतो. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या मुंबईचें हें भाग्य आहे. दिल्लीचें तसें नाहीं. दिल्ली ते लंडन सरळ अंतर सुमारें ६,७३० किलोमीटर; पण पश्चिमेकडील दार बंद झालें कीं तेथील विमानाला आधीं गुजरातेपर्यंत खालीं उतरून मग याच मोडत्या वाटेस लागावें लागतें आणि हजार किलोमीटरांहून अधिक पल्ला वाढतो. एरव्हीं लंडनला मुंबईपेक्षां जवळ असलेली दिल्ली अशा वेळीं तिच्याहून लांब पडते.

वाढलेल्या वाटेला केवळ वेळच लागतो असें नाहीं. प्रत्येक विमानाला मुक्कामापर्यंतचें इंधन, तेथें उतरतां न आलें तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचें इंधन, आणि त्याउपर अर्धा तास आकाशांत तग धरण्यापुरतें इंधन बाळगावें लागतें. वाट लांबली कीं इंधन वाढतें, इंधनानें वजन वाढतें आणि तें वाढलेलें वजन वाहून नेण्यास आणखी इंधन लागतें. ‘ह्यू लिंडसे’ नें कोळशासाठीं दिवस घालविले; दोनशें वर्षांनीं तोच हिशेब निराळ्या रूपानें पुढें उभा आहे. शेवटीं तो तिकिटाच्या दरांतून घराघरांत पोहोंचतो.

तेव्हां गृहस्थाश्रमी माणसानें या सर्वांतून व्यवहाराला काय घ्यावें? पहिली गोष्ट अशी कीं, विमानाचे नऊ-दहा तास म्हणजे प्रवासाचा काळ नव्हे. लंडनच्या उपनगरांतील घरापासून हीथ्रोपर्यंतचा वेळ, उड्डाणापूर्वीं तीन तास हजर राहण्याचा दंडक, उतरल्यावर पारपत्राची रांग, सामानाची वाट पाहणें, आणि मग मुंबईच्या गर्दींतून दादर-ठाण्यापर्यंत किंवा घाट ओलांडून पुण्यापर्यंतचा रस्ता, असे सारे धरले तर दारापासून दारापर्यंत सोळा-अठरा तास सहज जातात. दुसरी गोष्ट, निघण्याच्या दिवशीं त्या दिवसाचें उड्डाण कोणत्या वाटेनें व किती वेळांत होणार हें कंपनीकडून विचारून घ्यावें; गेल्या वर्षीं लागलेल्या वेळावर विसंबून पुढची आगगाडी किंवा दुसरें विमान अगदीं टेंकून ठरवूं नये. तिसरी गोष्ट, आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्यांनीं ‘विमान नऊ तासांचें आहे’ एवढेंच त्याला सांगून तास मोजावयास लावूं नये. ‘उद्यां रात्रीपर्यंत येईल’ असें सांगावें. जुन्या वाटसरूची उत्तर देण्याची रीत येथें अधिक दयाळू ठरते.

एका शतकांत मनुष्यानें मुंबई-लंडन हा प्रवास आठवड्यांवरून तासांवर आणला. त्यासाठीं शास्त्रज्ञांनीं वारे मोजले, कारागिरांनीं यंत्रें सुधारलीं आणि कित्येक वैमानिकांनीं प्राण वेंचले. गणितानें सांगितलेले आठ तास आणि प्रत्यक्ष लागणारे तास यांतील कांहीं भाग वाऱ्याचा आहे. त्याच्याशीं तक्रार करून उपयोग नाहीं. कांहीं भाग गर्दीचा आहे. तो शिस्तीनें कमी होईल. परंतु कराचीवरून न जातां मस्कतवरून जाण्यांत जीं मिनिटें खर्चीं पडतात, तीं ना वाऱ्यानें घेतलेलीं ना यंत्रानें. तीं शेजाऱ्यांच्या वैरानें घेतलेलीं आहेत, आणि तीं परत मिळवून देणारें यंत्र कोणत्याहि कारखान्यांत तयार होत नाहीं. १९३२ सालीं ज्या कराचीहून मुंबईला टाटांचें तें टपाल आलें, तें शहर आजहि मुंबईपासून पावणेनऊशें किलोमीटरांवरच आहे. अंतर तसूभरहि वाढलेलें नाहीं.